दोन गावांतलं अंतर आणि दोन गटांतलं अंतर

समुद्रपूर ते हिंगणघाट किती अंतर आहे असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. रस्त्यावरचा दगड बघा, नाहीतर एस.टी.च्या कंडक्टरला विचारा. पण समुद्रपूर तालुका हिंगणघाट तालुक्यापासून किती लांब आहे, असं विचारलं तर? एक जण म्हणेल, लांब कसला, शिवेला शीव लागून आहे, मध्ये एक धुरा आहे फक्त. दुसरा म्हणेल, गिरडच्या बाजूचा माणूस वडनेरच्या बाजूला जाऊन बघू दे, मग कळेल किती लांब ते. तिसरा दोन्हीकडच्या सगळ्या गावांच्या जोड्या लावून सरासरी काढायला बसेल. आणि चौथा, जो बहुधा सरकारी नोकरीत असेल, तो एका तहसील कचेरीपासून दुसऱ्या तहसील कचेरीपर्यंत मोजून मोकळा होईल.

चौघेही बरोबर आहेत, आणि चौघांची उत्तरं वेगळी आहेत. क्लस्टर ॲनालिसिस नावाच्या विषयातला निम्मा घोळ हा एवढाच आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टला डेटा मायनिंग घेणारी मुलं दरवर्षी वाढताहेत. रिपोर्टमध्ये झाडासारखी एक आकृती असते, खाली रंगीत गट दाखवलेले असतात आणि व्हायवाला कोणी विचारलं की 'हे दोन गट जवळचे असं कशावरून ठरवलं', की समोरचा शांत. उत्तर बहुतेक वेळा 'सॉफ्टवेअरनं ठरवलं' असं असतं. म्हणून हा लेख.

आधी पद्धत थोडक्यात सांगतो. आपल्या जिल्ह्याची रचना वरून खाली आहे. जिल्हा, त्याचे ८ तालुके, तालुक्याची महसूल मंडळं, मंडळातले साझे, साझ्यातली गावं. हायरार्किकल क्लस्टरिंगची नेहमीची पद्धत उलटी, खालून वर जाते. सुरुवातीला प्रत्येक गाव म्हणजे एकेकटा गट. सगळ्यांत जवळचे दोन गट शोधायचे, जोडायचे, एक करायचे. पुन्हा सगळ्यांत जवळचे दोन शोधायचे, पुन्हा जोडायचे. असं करत करत शेवटी सगळं एका गटात येतं. कोण कोणाशी किती अंतरावर जुळलं ते काढून ठेवलं की झाड तयार होतं, त्यालाच डेंड्रोग्राम म्हणतात. हे झाड हव्या त्या उंचीवर आडवं कापलं की खाली जितक्या फांद्या सुटतील तितके गट.

पहिल्या पायरीला काही अडचण येत नाही, कारण तेव्हा सगळे एकटे असतात आणि दोन एकट्यांतलं अंतर म्हणजे अंतरच. दुसऱ्या पायरीपासून गटाचं अंतर लागतं, आणि तिथे वरचे चार जण भांडायला येतात. पुस्तकात त्यांची नावं अशी आहेत : सगळ्यांत जवळची जोडी धरणारा सिंगल लिंकेज, सगळ्यांत लांबची जोडी धरणारा कम्प्लीट लिंकेज, सगळ्या जोड्यांची सरासरी घेणारा ॲव्हरेज लिंकेज आणि मध्यापासून मध्यापर्यंत मोजणारा सेंट्रॉइड. पाचवा एक आहे, वॉर्डची पद्धत. (आपल्या वर्ध्याशी काही संबंध नाही. जो वॉर्ड यांनी १९६३ साली ती मांडली.) त्याचं म्हणणं वेगळंच आहे. तो म्हणतो, मला अंतर सांगू नका, दोन गट एकत्र केल्यावर आतला विस्कळीतपणा किती वाढेल ते सांगा. ज्या जोडीनं तो कमीत कमी वाढेल ती जोडी जुळवा.

नुसत्या व्याख्या वाचून कोणालाच काही समजत नाही, तेव्हा हिशेबच करू. एका सरळ रस्त्यावर पाच गावं आहेत असं धरा, क, ख, ग, घ आणि च. पहिल्या गावापासून त्यांचे किलोमीटर अनुक्रमे ०, ४, ११, १९ आणि २९. आकडे माझे, गणिताला बरे पडावेत म्हणून घेतलेले. कागद-पेन घेऊन बसा, पाच मिनिटांचं काम आहे.

सिंगलवाल्याला फक्त शेजाऱ्यांमधली मोकळी जागा दिसते, म्हणजे ४, ७, ८ आणि १०. तो क-ख जोडतो ४ वर, त्याला ग चिकटवतो ७ वर, मग घ चिकटवतो ८ वर आणि शेवटी च येतं १० वर. दोन गट हवे असतील तर एकीकडे क-ख-ग-घ आणि दुसरीकडे एकटं च.

आता कम्प्लीट बघा. क-ख पहिल्यांदा ४ वरच जुळतात, त्यात वाद नाही. पुढे ग ला क-ख मध्ये घ्यायचं तर लांबचं टोक क आहे, ते ११ वर. पण ग आणि घ एकमेकांपासून ८ वर आहेत. तेव्हा ग-घ वेगळी जोडी बनते. आता क-ख आणि ग-घ यांचं लांबचं अंतर क ते घ, १९. ग-घ आणि च यांचं लांबचं अंतर ग ते च, १८. अठरा लहान, म्हणून च जाऊन ग-घ ला मिळतं. दोन गट : क-ख आणि ग-घ-च.

ॲव्हरेजचं बघा. ग ला क-ख पासूनची अंतरं ११ आणि ७, सरासरी ९. ग-घ आठवर. म्हणून इथेही ग-घ वेगळे जुळतात, अगदी कम्प्लीटसारखे. पुढे क-ख आणि ग-घ यांच्यात चार जोड्या आहेत, ११, १९, ७, १५. बेरीज ५२, सरासरी १३. ग-घ आणि च यांच्यात दोन जोड्या, १८ आणि १०, सरासरी १४. तेरा लहान. म्हणजे क-ख-ग-घ एकत्र आणि च पुन्हा एकटं!

मला यात गंमत वाटते ती ही. तीन गट मागितले तर ॲव्हरेज कम्प्लीटच्या बाजूनं बोलतो (क-ख, ग-घ, च) आणि दोन गट मागितले की सिंगलच्या बाजूला जातो. पाच आकडे, तेही एका रेषेवर. आणि तरी एकमत नाही. मग तुमच्या पाचशे ओळी आणि बारा कॉलमच्या एक्सेल शीटचं काय होत असेल ते बघा.

वॉर्डचा हिशेबही करून टाकू, कारण तो सगळ्यांत जास्त वापरला जातो आणि सगळ्यांत कमी समजावला जातो. दोन गटांतल्या गावांच्या संख्यांचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज, गुणिले मध्यांतल्या अंतराचा वर्ग. क-ख चा मध्य २ वर, ग-घ चा १५ वर. अंतर १३, वर्ग १६९. दोन गुणिले दोन भागिले चार म्हणजे एक. तेव्हा किंमत १६९. ग-घ आणि च चं अंतर १४, वर्ग १९६. दोन गुणिले एक भागिले तीन म्हणजे दोन तृतीयांश. किंमत सुमारे १३०.७. अंतर जास्त असूनही किंमत कमी, म्हणून वॉर्ड च ला ग-घ मध्ये टाकतो. याचा अर्थ, वॉर्डला एकट्या-दुकट्याला सामावून घेणं स्वस्त पडतं आणि दोन भरलेले गट एक करणं महाग. म्हणूनच त्याचे गट साधारण सारख्या आकाराचे निघतात. रिपोर्टमध्ये ते छान दिसतात, त्यामुळे लोकांना तो आवडतो. पण डेटात खरोखर एक मोठा आणि एक चिमुकला गट असेल, तर वॉर्ड मोठ्याचे तुकडे करायला कमी करत नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

आता यात कोणाचं काय अडलंय? समजा या पाच गावांसाठी कापूस घ्यायची दोनच केंद्रं द्यायची आहेत. सिंगल आणि ॲव्हरेज च ला स्वतंत्र गट म्हणतात. स्वतंत्र म्हणजे त्याला स्वतःचं केंद्र मिळेल, किंवा एका गावासाठी केंद्र परवडत नाही म्हणून काहीच मिळणार नाही. कम्प्लीट आणि वॉर्ड त्याला ग-घ च्या ताटात वाढतात. च गावच्या कास्तकारानं बंडी कुठे न्यायची हे इथे एका शब्दावरून ठरतं, आणि तो शब्द कोणीतरी ड्रॉप-डाउन मेनूतून निवडलेला असतो. माझं मत विचाराल तर जिथे कोणालाही एका ठरावीक अंतरापेक्षा जास्त जावं लागू नये अशी अट आहे, तिथे कम्प्लीट घ्यावा. कारण अठरावर झाड कापलं की त्या गटातली कुठलीही दोन गावं अठरापेक्षा लांब नाहीत, ही त्याची लेखी हमी आहे. सिंगल अशी हमी देत नाही.

सिंगल मात्र अगदी टाकाऊ आहे असं समजू नका. पुस्तकात त्याच्या बदनामीचं एक प्रकरण असतंच, 'चेनिंग इफेक्ट'. वर्ध्याहून नागपूरला पॅसेंजरनं गेलेल्याला तो शिकवावा लागत नाही. सेवाग्राम, सेलू रोड, सिंदी, बुटीबोरी, खापरी, अजनी... प्रत्येक स्टेशनाहून पुढचं स्टेशन जवळ. सिंगल लिंकेज लावला तर वर्धा आणि नागपूर एकाच गटात, कारण मधली साखळी कुठे तुटतच नाही. वर्ध्याचा माणूस नागपूरला पोचेपर्यंत तास-दीड तास जातो, याच्याशी त्या पद्धतीला देणंघेणं नाही.

पण हीच साखळी कधी कधी आपल्याला हवी असते. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातल्या कपाशीचं काय केलं ते कास्तकारांच्या घरच्यांना सांगायला नको. ही अळी साखळीनंच पसरते. पतंग या वावरातून त्या वावरात जातो, तिथून पुढच्या. पहिल्या वावरापासून शेवटचं वावर किती लांब याला अर्थ नसतो, मधल्या वावरांमध्ये कुठे मोठी खिंड आहे का याला असतो. अशा प्रश्नाला सिंगल लिंकेजच योग्य. झाड एका उंचीवर कापा, आणि त्या अंतराच्या उड्या मारत जिथपर्यंत पोचता येतं तो सगळा एक गट. कॉम्प्युटरवाल्यांनो, हे तुम्ही वेगळ्या नावानं शिकलेलं आहे. क्रुस्कलचा मिनिमम स्पॅनिंग ट्री काढा, त्यातल्या सगळ्यांत लांब कडा तोडत जा, सिंगल लिंकेजचे गट हातात येतात. गोवर आणि रॉस यांनी १९६९ मध्ये हे नातं दाखवलं होतं. परीक्षेत एकाच अभ्यासात दोन प्रश्न सुटतात!

सेंट्रॉइडबद्दल एकच गोष्ट सांगतो. त्याचं झाड कधी कधी उलटं फिरतं. दोन गावं एकमेकांपासून १० किलोमीटरवर, तिसरं दोघांपासून साधारण १०.३ वर, त्रिकोणात. पहिली दोन १० वर जुळली. त्यांच्या मध्यापासून तिसरं गाव मात्र फक्त ९ वर येतं. म्हणजे नंतर झालेली जोडणी आधीच्या जोडणीपेक्षा खाली. असलं झाड आडवं कापायचं कसं? म्हणून मी तरी तो टाळतो.

इथपर्यंत गावाचं अंतर किलोमीटरमध्ये होतं, म्हणून बरं होतं. खऱ्या डेटात उंची, वजन, पाऊस, उत्पन्न असं सगळं वेगवेगळ्या मापात येतं. या प्रश्नाचं जगभर वापरलं जाणारं एक उत्तर आपल्या देशातलं आहे आणि त्याची सुरुवात आपल्या शेजारी झाली, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९२० साली नागपूरला इंडियन सायन्स काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. तिथे प्रशांतचंद्र महालनोबिस यांना प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल भेटले. ॲनंडेल यांच्याकडे कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मापं होती, ती त्यांनी अभ्यासाला दिली. महालनोबिस मूळ भौतिकशास्त्राचे. त्या मापांतून सुरू झालेला विचार १९३६ च्या निबंधात 'डी-स्क्वेअर' म्हणून पक्का झाला. आज त्यालाच महालनोबिस डिस्टन्स म्हणतात.

त्यातली मेख अशी. दोन गटांच्या सरासरी उंचीत दोन सेंटीमीटरचा फरक आहे. हा फरक मोठा की लहान? गटातल्या गटात सगळे जवळपास सारखे असतील तर मोठा. गटातच कोणी बुटका, कोणी ताडमाड असेल तर काहीच नाही. म्हणजे दोन गटांमधलं अंतर गटाच्या आतल्या पसाऱ्याच्या मापानं मोजायचं. शिवाय उंची आणि हाताची लांबी ही दोन मापं एकमेकांना धरून वाढतात, तेव्हा एकच गोष्ट दोनदा मोजली जाऊ नये, याचीही काळजी त्या सूत्रात घेतलेली आहे. लिंकेजवाले चौघे गटाच्या बाहेरचं अंतर बघत होते, महालनोबिस म्हणाले, आधी घरात डोकावून या.

महाराष्ट्रात या वाटेनं काम झालं ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. इरावती कर्वे आपल्याला मराठीच्या पुस्तकामुळे 'युगान्त'च्या लेखिका म्हणून माहीत. पण त्या मानवशास्त्रज्ञ होत्या आणि वि. म. दांडेकर यांच्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापांवर १९५१ साली ग्रंथ काढला होता. त्यांचा पुढचा मुद्दा आपल्या विषयाला थेट लागू पडतो. 'कुंभार' या एका नावाखाली महाराष्ट्रात अनेक गट आहेत, जे आपापसात लग्न करत नाहीत. ते एका मूळ गटाचे तुकडे झालेले नसून, वेगवेगळे गट एका नावाखाली गोळा झालेले आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. अशा गोळ्याला त्यांनी इंग्रजीत शब्द वापरला तो 'कास्ट-क्लस्टर'. पुढे १९६८ साली कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर त्यांनी समाजात एकाच पायरीवर धरल्या जाणाऱ्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. नाव एक म्हणून अंतर कमी, असं गृहीत धरायचं नाही, मोजून बघायचं. अर्थात माणसांची मोजमापं हा विषय जपून हाताळायचा. दोन गटांच्या सरासरीत फरक निघाला तरी त्या दोन गटांतली माणसं एकमेकांत भरपूर मिसळलेली असू शकतात, आणि सरासरीवरून एका माणसाबद्दल बोलणं हे गणितातही बसत नाही.

डी-स्क्वेअरचा आज आपल्या भागात सगळ्यांत जास्त उपयोग होतो तो शेतकी कॉलेजांत. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकणारा एखादा मित्र असेल तर त्याला विचारा, 'डी-स्क्वेअर' म्हटल्यावर तो लगेच ओळखेल. कापसाचे, सोयाबीनचे किंवा तुरीचे पन्नास-साठ वाण लावायचे. झाडाची उंची, बोंडांची संख्या, बोंडाचं वजन, रुईचा उतारा, धाग्याची लांबी अशी मापं घ्यायची. वाणावाणांतलं डी-स्क्वेअर काढायचं आणि टोचर यांच्या पद्धतीनं गट पाडायचे. सी. आर. राव यांच्या १९५२ च्या पुस्तकात ही पद्धत दिलेली आहे. सगळ्यांत जवळचे दोन वाण घ्यायचे, मग सरासरीनं त्यांना सगळ्यांत जवळचा असलेला तिसरा घ्यायचा, आणि नवा आल्यावर गटातलं सरासरी अंतर एकदम उसळलं की त्याला बाहेर ठेवून नवा गट सुरू करायचा. हे झाड नव्हे, पण आत्मा ॲव्हरेज लिंकेजचाच.

शेवटी प्रबंधात एक चौकोनी तक्ता येतो. कर्णावर प्रत्येक गटाच्या आतलं अंतर, बाकीच्या घरांत गटागटांतलं अंतर. पैदासकार बघतो तो हाच तक्ता. संकरासाठी आई-बाप निवडताना ते लांबच्या गटांतले घ्यावेत, म्हणजे संकरित पिढीत जोम जास्त दिसण्याची शक्यता असते. कपाशीचा संकर म्हणजे काय हे ज्यानं बीजोत्पादनाच्या प्लॉटवर बघितलंय त्याला माहीत आहे. उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर आज हातानं काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे परागकण आणून लावायचे, एकेका फुलाला. भारतातला, आणि जगातलाही, पहिला व्यापारी संकरित कापूस एच-४ हा १९७० साली सुरतला डॉ. सी. टी. पटेल यांनी काढला, तो मजुरांच्या याच हातकामामुळे शेतापर्यंत पोचू शकला. एका हंगामात किती संकर करता येतील याला मर्यादा असते. पन्नास वाणांच्या बाराशे पंचवीस जोड्या होतात, सगळ्या कोण करणार? पंधरा-वीस निवडायच्या असतात. त्या कुठल्या, हे गटांतल्या अंतराच्या तक्त्यावरून ठरतं. अंतर मोजायची रीत बदलली की जोड्या बदलतात. आणि जोडी चुकली हे कळायला एक आख्खा खरीप जातो.

आता शेवटचं, प्रोजेक्टवाल्यांसाठी. तुम्ही पद्धत निवडली नाहीत तर सॉफ्टवेअर निवडतं, आणि सगळी सॉफ्टवेअरं एकसारखी निवडत नाहीत. 'आर' मध्ये एचक्लस्ट काही न सांगता चालवला तर कम्प्लीट लागतो. मॅटलॅब आणि पायथनचं सायपाय, दोन्हीकडे सिंगल. सायकिट-लर्नमध्ये वॉर्ड. एसपीएसएसमध्ये ॲव्हरेज, तिथे त्याचं नाव 'बिट्वीन-ग्रुप्स लिंकेज'. म्हणजे रूममेटनं मॅटलॅब वापरलं आणि तुम्ही 'आर', तर एकाच डेटावर दोघांची झाडं वेगळी येतील, आणि कोडमध्ये दोघांचंही काही चुकलेलं नसेल. 'आर' मध्ये वॉर्डच्या नावानं दोन पर्याय दिसतात, त्यांतला 'वॉर्ड डॉट डी टू' घ्या. दुसऱ्याला अंतरांचे वर्ग करून द्यावे लागतात, आणि तो तशी आठवण करून देत नाही. मापं वेगवेगळ्या एककांत असतील तर आधी ती एका पातळीवर आणा, नाहीतर मिलिमीटरमधला पाऊस बाकी सगळ्या कॉलमांना गिळून टाकतो.

लॅबमध्ये बसलात की सुरुवातीला वरचेच पाच आकडे टाका, ०, ४, ११, १९, २९. चारही पद्धती एकामागून एक चालवा आणि शेवटच्या जोडणीची उंची बघा. सिंगलला १०, ॲव्हरेजला २०.५, कम्प्लीटला २९ यायला हवी. वॉर्डची उंची प्रत्येक ठिकाणी वेगळ्या मापात छापतात, तेव्हा तिथे आकडा न बघता च कोणाकडे गेलं एवढंच बघा.